उन्हाळ्याचं मेण

उत्कर्षा गजभिये जन्मात कधी स्कीवर उभी राहिली नव्हती, पण न्युरेम्बर्गच्या त्या अख्ख्या बिल्डिंगीत स्कीला मेण लावावं तर तिनंच, असं शेजारी म्हणत. नागपूरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या बाईच्या वाट्याला हे काम कसं आलं? घरातली बाकीची कामं आली तसंच. नवरा अश्वजित आणि मुलगी क्रांती डोंगरावर घसरायला जात, ही पायथ्याच्या हॉटेलात बॅगा सांभाळत बसे. मार्च सरला की ओल्या, चिखल लागलेल्या स्की केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या त्यांच्या जाळीच्या खोलीत, येऊन पडत. मग दोघंही त्यांच्याकडे ढुंकून बघत नसत.

खालच्या मजल्यावरच्या लिंडनर आजींनी तिला एकदा सगळं दाखवलं. स्कीच्या लोखंडी कडांवरचा गंज घासून काढायचा, तळ कोरडा करायचा, गरम इस्त्रीला मेणाची वडी टेकवून थेंब पाडायचे आणि इस्त्रीनंच पसरायचे. इस्त्रीला वाफेची भोकं मात्र नकोत. लग्नात आलेली जुनी, जड इस्त्री आणताना अश्वजितनं सामानाच्या वजनावरून नाक मुरडलं होतं. ती बिचारी इथे तळघरात कामी आली. तिच्या मालकिणीच्या एमएस्सीला तेवढंही काम मिळालं नाही. व्हिसावर नोकरीला परवानगी नव्हती, आणि जर्मन शिकून तरी काय करायचं, आपण जाणारच आहोत ना, असं अश्वजित म्हणे.

हिवाळ्यात लावलेलं मेण लगेच खरवडून काढतात, तळ गुळगुळीत हवा म्हणून. उन्हाळ्याचं मेण मात्र जाड थरात तसंच ठेवायचं. ते पुढच्या बर्फापर्यंत तळाला आणि कडांना सांभाळतं. पुढचा बर्फ या शब्दांनीच उत्कर्षाचा जीव गुदमरे. आली होती दोन वर्षांसाठी. कॉलेजनं बिनपगारी रजा दिली, वाढवली, प्राचार्यांनी शब्द टाकून पुन्हा वाढवून घेतली. आता मात्र येत्या जूनमध्ये रुजू व्हायचं, नाहीतर नोकरीवर पाणी सोडायचं. डिसेंबरात अश्वजितनं सांगितलं होतं, हा आपला शेवटचा हिवाळा. बाई हुशार, वर्गातल्या मुलांची थाप तोंड उघडायच्या आत ओळखणारी, पण नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून बसली. मनातल्या मनात तिनं फळ्यावर लिहायलासुद्धा सुरुवात केली होती.

ते फुटबॉलच्या वर्ल्ड कपचं वर्ष होतं. एप्रिलमध्येच बाल्कन्यांवर झेंडे दिसू लागले होते. एका शनिवारी ती इस्त्री घेऊन केलरमध्ये उतरली. अश्वजित तिथेच सायकलच्या चेनला तेल देत होता. जायचं तर स्की विकायच्या, आणि विकायच्या तर मेण खरवडून तळ चकचकीत करायचा, घेणाऱ्याला दिसायला हवा. एवढा साधा हिशेब. दोन्ही जोडांना मेण पसरून होत आलं तेव्हा तिनं सहज विचारलं,

"अहो, हे राहू देऊ की खरवडू?"

"राहू दे की. नेहमीसारखं," तो चेनमधून मान न काढता म्हणाला. "आल्झो, म्हणजे, कडा गंजतील ना नाहीतर."

उत्कर्षाचा हात थांबला. इस्त्रीखालच्या मेणाला धूर सुटला. त्या वासानं अश्वजितनं वर पाहिलं, आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं. मग सगळं बाहेर आलं. फेब्रुवारीतच त्यानं साहेबाला अजून तीन वर्षांसाठी होकार दिला होता. क्रांतीची शाळा होती, प्रोजेक्ट होतं. सांगायला तो म्हणे योग्य वेळ बघत होता. असल्या माणसांची योग्य वेळ कधी येत नाही, चुकून तोंडातून निसटतं तेवढंच.

"तुम्ही राहा," उत्कर्षा म्हणाली. "मी जाते."

तो तेलकट हात पुसत जिना चढून गेला. तिनं खरवडणी उचलली. मेण जरा निवल्यावर नवऱ्याच्या स्कीवरून असं काही ओढलं की पायाशी पांढऱ्या सालींचा ढीग झाला. चार वर्षांत तिला इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं. जून, कॉलेजचं फाटक, आपलं नाव लिहिलेलं कपाट, सगळं हाताशी आलं. मग तिनं क्रांतीचा जोड पुढ्यात घेतला.

दारात क्रांती उभी होती. अकरा वर्षांची पोर, मराठी सगळं समजायचं, पण उत्तर कायम जर्मनमध्ये. वरपर्यंत आवाज गेला असावा. तिनं बापाच्या उघड्या स्की पाहिल्या, सालींचा ढीग पाहिला, आईचा हात पाहिला.

"आई, माझं नको काढू," ती म्हणाली. मराठीत, शब्द जुळवत. "तू गेल्यावर मला कोण लावेल?"

 चिडावं तर कुणावर? पोरीनं काही कपट केलं नव्हतं, खरं तेच विचारलं होतं.  उत्कर्षानं खरवडणी फळीवर ठेवली, इस्त्री पुन्हा तापवली, आणि क्रांतीच्या स्कीवर जिथे थर पातळ होता तिथे आणखी मेण सोडलं. अश्वजितच्या तशाच उघड्या भिंतीला टेकवल्या.

जून आला आणि गेला. कॉलेजात तिच्या जागी दुसऱ्या बाई रुजू झाल्या.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला. अश्वजितच्या स्कीच्या कडा गंजून लाल झाल्या होत्या. त्यानं काही न विचारता त्या दुकानात दुरुस्तीला नेऊन टाकल्या. क्रांतीच्या स्कीवरचं मेण उत्कर्षानं खरवडलं. खालचा तळ अगदी नव्यासारखा निघाला.