उसन्या मेंढीचा सौदा

"हात आणा इकडं, भाऊ," असं म्हणून तो आपला घामाचा रुमाल माझ्या हातावर टाकायचा आणि त्याखाली माझी बोटं दाबायचा. जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, बोटांनी बोलून. आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये मात्र सौदा व्हायचा डब्यातल्या ठेच्याचा. तुमच्याही नोकरीत असा एखादा असेलच, शहरात येऊनही ज्याचे हात गावाकडचेच राहिले.

तो पाचोडजवळच्या धनगराघरचा. आयटीआय करून आमच्याकडे फिटर झाला आणि पुंडलिकनगरात माझ्याच गल्लीत खोली घेऊन राहिला. मेंढरांमागं जन्मात जाणार नाही म्हणायचा, पण मेंढी आल्याशिवाय त्याचं बोलणं काही पुरं होत नसे.

त्याला मोबाइलवर बिटकॉइनचा नाद लागला, तेव्हा लाँग आणि शॉर्ट त्यानंच आम्हाला समजावलं. "भाव चढंल वाटलं की मेंढी आज घ्यायची, चढल्यावर इकायची. ह्ये लाँग. उतरंल वाटलं की शेजाऱ्याची उसनी आणायची, आजच्या भावानं इकायची, भाव पडला की तसलीच घिऊन त्याच्या वाड्यात सोडायची. ह्ये शॉर्ट. मधलं आपलं."

"आणि उसनी विकल्यावर भाव चढला तर?"

"थांबायचं की. शेजारी काय उरावर बसतोय व्हय? पुढल्या बाजारी देतो म्हणायचं."

आम्ही हसलो. पण त्याच्या गावात खरंच तसं चालायचं. अडलेल्या माणसाला नुसत्या शब्दावर पुढचा बाजार मिळायचा.

सुरुवातीच्या लहानसहान सौद्यांत त्याला मिळालं. सगळ्या शिफ्टला त्यानं बालूशाही वाटली. मग गावी जाऊन वडिलांना म्हणाला, "आबा, गुडघे गेले तुमचे. कळप मोडा, आता बसून खावा." म्हातारा बरेच दिवस तयार होईना. शेवटी त्यानं मेंढरं विकली आणि म्हातारपणाची ती एवढीच पुंजी पोराच्या हाती दिली. पोरानं ती तारण ठेवून तिच्या कितीतरी पट मोठा शॉर्ट घेतला. भाव पडणार, याची त्याला खात्रीच होती.

भाव चढला. एका दुपारी, आमची शिफ्ट चालू असताना, तारण अपुरं पडलं आणि ॲपनं आपोआप सौदा तोडून टाकला. सगळं गेलं. मशीन बंद करून तो माझ्याकडे आला. ॲपच्या मदत-केंद्राला त्यानं मराठीत लिहिलं होतं, "साहेब, पुढल्या बाजारापर्यंत थांबा. शब्द देतो." खाली इंग्रजीत छापील आभार आले होते. एरवी मी त्याची टिंगल केली असती. त्या दिवशी मोबाइल नुसता त्याच्या हातात परत दिला.

गावी सांगायला जाताना त्यानं मला सोबत नेलं. आबांना शॉर्ट कळला नाही, पैसे गेले एवढं कळलं.

"मग नेलं कुणी?"

आबांनीच पुन्हा विचारलं.

"लांडग्यानं नेलं तरी माग दिसतो रं. कुणीतरी नेलं असंल ना?"

"मीच, आबा," तो म्हणाला आणि त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

पुढं त्यानं नोकरी सोडली. मला न सांगता गेला, याचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

दिवाळीनंतर पाचोडला काम निघालं, तेव्हा आबांकडे गेलो. ते रिकाम्या मेंढवाड्याच्या तोंडाशी खाटेवर बसले होते.

"नगरच्या अंगाला गेलाय," ते म्हणाले. "दुसऱ्याची मेंढरं वळतोय, सालानं. पैसा नगं म्हणाला मालकाला. साल भरलं की कोकरं घेणार हाय, माझ्यापायी."

तेवढ्यात फोन वाजला. "ह्या वक्ताला रोज लावतो. बोलत नाय, नुसता कळपापाशी धरतो," म्हणत आबांनी तो कानाला लावला. मला पुसटशी बें-बें ऐकू आली. म्हातारा डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला.

मग म्हणाला, "मागं एक कोकरू खोकतंय. त्याला येगळं काढ."