भोजलीचं नाव

फोन आला तवा मी भाताचं पाणी काढून राहिली होती. वस्तीतल्या मंटोराचा आवाज होता. "दाई, भोजली दाई नहीं रही." मी म्हटलं, बरं. फोन ठेवला, भात पुरा निथळू देला, गॅस बंद केला, मंग खाली बसली. एकोणीस दिवस ती सरकारी दवाखान्यात पडून होती, छातीवर भिंत पडली होती तिच्या, तवा हे होणार हे मले माहीतच होतं. तरी पातेलं हातातून सुटेना... नव्या रायपुराच्या या बाजूले रस्ते एवढे रुंद आहेत का पल्याडचा माणूस ओळखू येत नाही, अन् बस म्हणाल तं येता येत नाही. दीड घंटा उन्हात उभी राहिली. उभ्या उभ्या तिचं नाव तोंडात आलं, तिचं खरं नाव, आईबापानं ठेवलेलं. मी ते गिळून टाकलं. चाळीस वर्षं गिळतच आली होती.

पेपरातल्या ताई म्हणे, तुम्ही बोलता तसंच लिहा. मी तुमसरकडची, मराठी तिसरी शिकलेली. लगन होऊन रायपूरले आली. नवरा भनपुरीत ट्रकावर माल चढवे. आमची झोपडी तलावाच्या पाळीवर, तरियापाऱ्यात. इकडे तलावाले तरिया म्हणतात, मोहल्ल्याले पारा, आईले दाई. बाजूची झोपडी तिची. तिचा नवरा कमवायले म्हणून गेला तो आलाच नाही, लेकरू झालंच नव्हतं. मी नवी, मले इथची बोली येत नव्हती, अन् नवरा पिऊन मारे. एक दिवस चुलीतल्या लाकडानं मारून राहिला होता, तं ही मुसळ घेऊन आत आली. त्याच्या गुडघ्यावर मुसळ हाणलं अन् तो खाली बसल्यावर म्हणे, "आता मार. एका पायावर उभा राहून मार." तो तीन आठवडे लंगडला. मंग राखीच्या दुसऱ्या दिवशी तिनं मले तरियावर नेलं. इकडच्या बाया टोपलीत अंधारात गहू उगवतात, पिवळे पिवळे कोंब, त्याले भोजली म्हणतात. पाण्यात शिरवतात अन् चार कोंब वाचवून ज्या बाईवर जीव आहे तिच्या कानावर खोवतात. तिनं माह्या कानावर खोवले, मी तिच्या. त्या दिवसापासून ती माही भोजली, मी तिची भोजली. सख्ख्या बहिणीहून वरचं नातं. फक्त एक नेम आहे, मेलं तरी एकमेकीचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. आपल्याकडं नवऱ्याचं नाव उखाण्यात तरी घेता येते. भोजलीचं तेही नाही. भेटलं का "सीताराम भोजली" म्हणायचं, बस. आमचं ऐकून ऐकून सारा पाराच तिले भोजली म्हणू लागला.

पहिल्यांदा घरं तोडली तवा आम्ही दोघी ब्राह्मणपाऱ्यात भांडे घासायले गेलो होतो. धावत आलो तं मशीन लागलेली. माह्या घराची भिंत माह्या डोळ्यासमोर पोटात लाथ मारल्यासारखी आत गेली. पिठाचा डबा, देव, गोधडी, सगळं एका पंज्यात. एका बाईचं बाळंतपण होऊन नऊ दिवस झाले होते, तिले खाटेसकट उचलून रस्त्यावर ठेवलं. माह्या नवऱ्यानं मशीनीले दगड मारला तं त्याले चार पोलिसांनी पाडून तुडवलं, तो मंग कधी बरोबर उठलाच नाही. कागदावर आमचं नाव होतं बेजा कब्जा, म्हणजे अतिक्रमण. भोजलीनं काय केलं, तं ती रडली नाही, भांडली नाही, घरात शिरून तिनं दरवाजा उपटला. सरईच्या लाकडाचा दरवाजा, तिच्या बापानं केलेला. बिजागरीसकट उपटून डोक्यावर घेतला अन् पाळीवर नेऊन ठेवला. साहेब हसला, "दरवाजे का क्या करोगी दाई, घर तो है नहीं." ती म्हणे, "घर तुम्ही तोडता, मी बांधतो. दरवाजा कितीदा बनवू?" संध्याकाळी तिनं दोन बांबू रोवले, त्याले दरवाजा बांधला, मागं नुसती प्लास्टिकची पन्नी. अन् दरवाज्याची कडी लावून झोपली.

त्या दिवसापासून तिनं घरांसाठी भांडायचं काम धरलं. अंगठा लावणारी बाई, पण साहेबाच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसे. विचारे, "साहेब, तुमचा पत्ता काय?" तो सांगे. मंग म्हणे, "आता मले विचारा. नाही सांगता येत ना? पट्टा द्या तं पत्ता सांगतो." पट्टा म्हणजे जागेचा कागद, आपल्या नावाचा. कोणी म्हणे सरकारची दया मागा, तिले फार राग. "दया कायची? मी ह्या शहराचे भांडे घासले, ह्याचे रस्ते झाडले, ह्याच्या इमारतीवर विटा वाहिल्या. पाय पसरून झोपायची जागा हा माहा हक आहे. कुत्र्यासारखी भाकर फेकू नोको." मिटिंगीत सगळ्या बायांकडून हेच म्हणवून घे. मी मागं बसे, मले भाषण येत नव्हतं. माहं काम कागद वाचून दाखवायचं, जोडाक्षर जोडून जोडून.

अन् तिचा घात मीच केला... दोन वर्षं आम्ही धरणं देलं तवा कुठं सर्वे आला. ज्याचं नाव सर्वेत त्याले तिथंच जागा, किंवा दुसरीकडं पक्कं घर. सर्वेवाला आला त्या दिवशी भोजली दुसऱ्या वस्तीत गेली होती, तिथं मशीन आली म्हणून. तो तिच्या दरवाज्यासमोर उभा राहिला. "यहाँ कौन रहता है?" मी म्हटलं, माही भोजली. "नाम?" मी म्हटलं, भोजली. तो घाईत होता, उन्हानं लाल झाला होता. "भोजलीबाई," म्हणे, अन् लिहिलं. नवऱ्याचं नाव विचारलं ते मी सांगतलं, वय सांगतलं, दरवाज्यावर चुन्यानं नंबर टाकला अन् गेला. मले त्यात काही चूक दिसली नाही. उलट मी खुश, मी भोजलीचं घर लिहवून देलं म्हणून.

यादी लागली तवा तिचं ओळखीचं कार्ड घेऊन आम्ही गेलो. बाबूनं कार्ड पाहिलं, यादी पाहिली. "कार्ड में ये नाम, यहाँ भोजलीबाई. ये आप नहीं हो." ती म्हणे, मीच आहे, सगळी वस्ती सांगन. तो म्हणे वस्ती नाही, कागद पाहिजे. माहं नाव बरोबर होतं. साऱ्या पाऱ्याची नावं बरोबर होती. जिनं सर्वे आणला तिचंच नव्हतं. बाहेर पायरीवर मी माहं तोंड झोडून घेतलं, खरोखरीचं, दोन्ही हातानं. तिनं माहे हात धरले. मंग हसली. "हव भोजली... त्या दिवशी तू नसती अन् मी घरी असती तं मीबी हेच केलं असतं. तुह्या जागी मी रडून राहिली असती, एवढाच फरक." मंग उठली. "चल, अर्ज लिही." आमच्या संघटनेचा वकील होता, सगळे त्याले वकील भैया म्हणतात, त्यानं नाव सुधारायचा अर्ज देला. एक नाही, सात देले. माणसं बदलली, टेबलं बदलली, यादी तीच राहिली.

दुसऱ्यांदा तोडलं तवा आम्ही रस्त्यावर बसलो. पोलिसांनी आधी शिट्टी मारली, मंग सरळ लाठ्या. म्हाताऱ्या पाहिल्या नाही, पोटुशा पाहिल्या नाही. मंटोराचं डोकं फुटलं, तिचं रक्त माह्या तोंडावर उडालं, खारट. मले केस धरून गाडीत टाकलं. ठाण्यात एक बाई पोलीस अन् दोन माणसं. "तुम्हारी लीडर का नाम बोल." मी म्हटलं, भोजली. पटकन गालात बसली. "भोजली तो तालाब में बहाते हैं. नाम बोल!" मी म्हटलं, ते नाही सांगता येत. हात टेबलावर ठेवायले लावला. डाव्या हाताची दोन बोटं तिथंच मोडली, आजबी वाकत नाही. मी ओरडली, मुतली, पण नाव निघालं नाही. सुटून आली तं वस्तीनं मले हार घातला, का हिनं जीव गेला तरी नाव नाही सांगतलं. ते शौर्य नव्हतं, नेम होता. भोजलीले मात्र समजलं. माही बोटं हातात घेऊन म्हणे, "पगली, मी तं ठाण्याच्या गेटसमोरच उभी होती! नाव ओरडून राहिली होती माहं मीच, कोणी आत घेतलं नाही." अन् हसता हसता तिले असं रडू आलं का मले तिले पाणी पाजावं लागलं.

मले इथं तिसऱ्या माळ्यावर घर भेटलं. ना भांडे घासायचं काम जवळ, ना बाजार, पण छत आहे, कडी आहे. मी नाही जात म्हटलं. ती भडकली. "जा. तू नाही गेली तं ते म्हणतीन यांले घर नकोच होतं. आम्ही भांडलो कायच्यासाठी?" मी म्हटलं, मंग तू चल माह्या संगं. ती म्हणे, "तुह्या घरी मी पाहुणी. पाहुणीचं पोट भरते भोजली, हक नसते." ती पन्नीत राहिली, दरवाजा लावून.

तिसऱ्यांदा आले तवा मी तिथं नव्हती. मंटोरानं सांगतलं तसं लिहितो. सकाळी चहाच्या वेळेले आले. यावेळी तिनं दरवाजा उपटला नाही. मातीची भिंत घातली होती तिनं नवी, तिच्यात पक्का बसवला होता. ती चौकटीत उभी राहिली, दोन्ही हात दोन्हीकडं. मशीनवाला म्हणे, दाई हट जा. ती म्हणे, "यादीत नाव नाही माहं. जी बाई नाहीच, ती हटन कशी?" लोक ओरडून राहिले होते थांबा थांबा. मशीन तिच्यावर नव्हती घातली, बाजूच्या भिंतीवर घातली. पण घर एकच, भिंत भिंतीले धरून... चौकटीसकट सगळं तिच्यावर आलं. मंटोरा अन् बायांनी हातानं माती उकरली, नखं निघाली त्यांची. दरवाजा वर होता म्हणून तोंड वाचलं होतं. छाती नाही.

दवाखान्यात मी रोज नाही जाऊ शकली, बसच्यानं. शेवटी गेली तवा श्वास घेतला का आत काही तरी घासल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, सीताराम भोजली. तिनं डोळे उघडले. "दरवाजा?" मी म्हटलं, आहे, मंटोराकडं. म्हणे, "लाव." मी म्हटलं, कुठं लावू? तिनं सांगतलं नाही. दमली होती.

मुक्तिधामात मी पोचली तवा लाकडं रचून झाली होती. तिथच्या बाबूनं रजिस्टर उघडलं, नाव विचारलं, अन् सगळ्यांनी माह्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. वकील भैयानं खिशातून तिचं कार्ड काढलं अन् मोठ्यानं वाचलं. बाबूनं लिहिलं, कार्डासंगं ताडून पाहिलं, म्हणे ठीक है. जित्तेपणी सात अर्जांनी जे नाव जुळलं नाही ते तिथं एका घडीत जुळलं. आमच्या वस्तीतल्या बाया रडल्या. मले रडू नाही आलं, मले त्या बाबूचं रजिस्टर आगीत टाकावंसं वाटलं.

दरवाजा मी इथं आणला. ई-रिक्शावर बांधून, मंग चौघींनी तीन माळे चढवला. खालचा माणूस म्हणे, "अम्मा, ये कबाड़ क्यों?" मी म्हटलं, कबाड नाही, घर आहे. माह्या घराले आधीच लोखंडी दरवाजा आहे, ह्याले लावायले चौकट नाही. भिंतीले टेकवून उभा केला. त्याच्यावर सर्वेचा चुन्याचा नंबर अजून आहे, पुसट. रोज सकाळी मी त्याच्यासमोर चहा पितो. असंच एक दिवस पाहात पाहात मले एक गोष्ट ध्यानात आली अन् हातातला कप खाली ठेवावा लागला. नेम तोंडाचा आहे. तोंडानं नाव घ्यायचं नाही, एवढंच. लिहायचं नाही असं कोणीच सांगतलं नव्हतं. ज्या बायांनी हा नेम केला त्यांले लिहिता कुठं येत होतं? मले येत होतं. सर्वेवाल्याचा पेन त्याच्या हातात होता, मी हात पुढं केला असता... ठाण्यात नाव लिहून मी तिले धरून देली नसती. पण सर्वेत लिहिलं असतं तं आज ती माह्या बाजूच्या घरात राहिली असती, अन् कडी वाजवून आत आली असती.

गेरू कालवला. उजवा हात बरा आहे माहा. नंबराच्या वर, मोठ्या अक्षरात, चुका करत, पुसत, सकाळभर लिहीत बसली. तोंड बंद ठेवलं. आता तिचं नाव तिथं आहे, कोणी आलं का आधी तेच वाचते.

बिसाहिन. मकान मालकिन.