सगुणाबाईंचे कोरडे डोळे

पोंभुर्ण्याच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. मिक्श्चरच्या बाटल्या धुता धुता किस्से आपोआप साचतात. एकट्या सगुणाबाईंचेच सांगायला बसलो की हातातला चहा निवतो.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. सल्फाच्या गोळ्या आमच्याकडे नवीन होत्या. सगुणाबाईंना ताप आला म्हणून डॉक्टरसाहेबांनी त्या दिल्या. आठ-दहा दिवसांत अंगभर फोड आले, कातडी सोलली, डोळे चिकटले. गावाला वाटलं, देवी आल्या. महिनाभरानं बाई वाचल्या, पण डोळे कायमचे कोरडे झाले. डॉक्टरसाहेबांनी खाली मान घालून सांगितलं, हे माझ्या गोळीनं झालं. हजारोंत एखाद्यालाच होतं.

बाई म्हणाल्या, "मंग बाकीचे तं वाचले."

पुढे त्यांच्या पापण्यांचे केस आत वळून बुबुळाला टोचू लागले. दर पंधरवड्याला चिमट्यानं उपटावे लागत. एकदा साहेब चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला गेलेले; चिमटा माझ्या हाती आला, तर मी तो पुन्हा पुन्हा पुसतच बसलो.

"कंपाउंडरभाऊ," बाई म्हणाल्या, "पायातला काटा समजून काढा. डोळा समजू नका."

उन्हाकडे बघवेना, म्हणून साहेबांनी चांद्याहून काळा चष्मा आणून दिला. तो घालून बाई सातबाऱ्याच्या कामाला गेल्या, तर पटवारी खुर्चीवरून उठून उभा राहिला. याआधी तीन खेपा बाईंना त्यानं ओसरीवर ताटकळत ठेवलं होतं. काम लगेच झालं. तेव्हापासून गावात कोणाचंही सरकारी काम निघालं की लोक चष्मा मागायला येत. बाई चष्मा देत नसत, स्वतः सोबत जात.

एका पंगतीत त्यांना कांदे चिरायला बसवलं. पोतंभर कांदे चिरले, डोळ्यातून टिपूस नाही. बायका म्हणाल्या, बरं आहे बाई तुमचं. त्यावर सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, "पाणी येत नाई. जळते तं तुमच्यापेक्षा जास्त."

साहेबांनी एका कागदावर 'हिला सल्फा देऊ नये' असं लिहून दिलं होतं. बाईंनी तो कागद ताईतात घालून गळ्यात बांधला. ब्रह्मपुरीला बहिणीकडे ताप भरला. तिथल्या डॉक्टरनं गोळ्यांची पुडी पुढे केली. बाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी ताईत सोडून त्याच्या हातात ठेवला, "आधी हे वाचा." डॉक्टरनं वाचलं आणि पुडी खिशात टाकली.

मग शेवंताचं लग्न. ही त्यांची लेक. मिठाचं उकळलेलं पाणी दिवसातून चार वेळा आईच्या डोळ्यात घालायचं काम तिनं लहानपणापासून केलं होतं. आता तेच काम सुनेवर यायचं होतं. पाठवणीला बैलबंडी जुंपली. सगळ्या बायका डोळ्यांना पदर लावून, आणि सगुणाबाई कोरड्या ठक्क उभ्या. वऱ्हाडातली एक बाई मोठ्यानं बोलली, "मायच्या डोळ्याले पाणी नाई, पाहा."

शेवंतानं ते ऐकलं. ती बंडीतून उतरली, घरात जाऊन बाटली घेऊन आली. आईची हनुवटी वर केली आणि दोन्ही डोळ्यांत पाणी सोडलं. ते गालांवरून ओघळून चोळीवर आलं. ती बोलणारी बाई हुंदके देऊ लागली. डॉक्टरसाहेब माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

सगुणाबाईंनी दोन-तीनदा डोळे मिटले, उघडले आणि आमच्याकडे पाहिलं.

"औषध माह्या डोळ्यात आहे. तुम्ही काऊन रडून राह्यले?"