सदानं घातलेला पेंढा कोरडाच होता

सदा गेल्याची बातमी मला सदाच्याच फोनवरून कळली. त्याचं नाव दिसलं म्हणून मी नेहमीसारखाच ओरडलो, "बोल रे, चहा टाकलास का?" पलीकडे वहिनी होत्या. "भावजी, हे उठणत नाय... येतास काय?" पायात चपला सरकवल्या आणि मुलुंडच्या डोंगराखालच्या आमच्या जुन्या गाळ्यांच्या कंपाउंडकडे निघालो. सदाची खोली त्या कंपाउंडच्या भिंतीला लागूनच. वाटेत रडू आलं नाही. आता त्याला सांगायचं राहिलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

बाराव्याला कंपाउंडमधली सगळी मंडळी आली होती. सदाबद्दल बोलताना एका गाळेवाल्यानं मान हलवत म्हटलं, "माणूस लाखाचा. फक्त त्या शेठच्या वेळी जत्रेला जायला नको होतं त्यानं. ओल्या पेंढ्यावर मुकं जनावर टाकून गेला." दोन-चार जणांनी माना डोलावल्या. कोपऱ्यात बसलेल्या वहिनींनी ते ऐकलं आणि पदर सारखा केला. मी सतरंजीकडे बघत बसलो. सदा मेल्यावरही मी गप्पच राहिलो. म्हणून हे लिहितो आहे.

शेठ म्हणजे कुत्रा. एक गाळेवाला धंदा गुंडाळून गेला आणि जाताना आपला हा वासराएवढा कुत्रा मागे ठेवून गेला. अंगावर केस आखूड, पाय लांब, चाल सावकाश आणि जेवणाच्या वेळी नजर अशी, की आपणच त्याचे नोकर. सदानंच त्याचं नाव शेठ ठेवलं. नंतर रस्त्यावरून एक धिप्पाड, तपकिरी, अंगानं भरलेलं गावठी पिल्लू आलं. ते गेटवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे संशयानं बघायचं, म्हणून हवालदार. मी आणि सदा एकाच कारखान्यातून निवृत्त झालो, तो लेथवर आणि मी स्टोअरला. त्याला रिकामं बसवत नसे आणि मला एकट्याला घर खायला उठे. माझी बायको आधीच गेलेली, मुलगा दूर. तेव्हा संध्याकाळी सदाच्या दारातलं बाकडं हेच माझं घर झालं.

डोंगरात बिबट्या, त्यामुळे अंधार पडल्यावर कुत्र्यांना मोकळं सोडण्याची सोय नव्हती. सदानं मशिनांच्या पॅकिंगच्या फळ्या जमवून दोघांसाठी एकच खुराडं बांधलं, पुढं लोखंडी जाळीचं दार लावलं. पण त्याचं खरं वेड दिवाळीनंतर सुरू व्हायचं. मुंबईत थंडी कसली, असं आपण म्हणतो, पण डोंगराकडून वारा सुटला की कंपाउंडची लादी पहाटे बर्फासारखी होते आणि शेठसारख्या आखूड केसांच्या म्हाताऱ्या कुत्र्याची हाडं धरतात. सदा खुराडं विटांवर उचलून घ्यायचा, दार वाऱ्याच्या उलट बाजूला करायचा, जाळीवर गोणपाटाच्या पट्ट्या सोडायचा आणि तबेल्यातून भाताचा पेंढा आणून दिवसभर उन्हात वाळवून आत पसरायचा. छपराखाली मात्र चार बोटांची फट उघडी. ती मला कधीच पटली नाही.

"सदा, एवढं सगळं करतोस आणि वर खिडकी ठेवतोस? वाट लागेल त्यांची."

"मध्या, तू तोंडावर पांघरूण घेऊन झोप आणि सकाळी उशीला हात लावून बघ. कुत्रो रात्रभर श्वास सोडता. तो खंय जातलो?"

"आणि गोधडी का नाही घालत? माझ्याकडे पडल्यात."

"घातली होती पयल्या वर्षी. ओली झाली, कोणाला कळलंच नाय. शेठच्या कोपराला फोड आले. तेव्हा बायकोनं मला इतक्या शिव्या दिल्या, की शेठ लाजला."

गाळेवाले त्याची चेष्टा करायचे. कुणी म्हणायचं, "काका, शेठला स्वेटर विणा," कुणी म्हणायचं, "गरम पाण्याची पिशवी द्या." सदा सरळ उत्तर द्यायचा, "तुला नाय देणार, त्याला देईन." तापट होता, पत्त्यांत लबाडी करायचा आणि पकडला की मलाच लबाड ठरवायचा. त्याचा एकच नेम कधी चुकला नव्हता, तो म्हणजे गावच्या देवीची जत्रा. त्या दिवशी तो मालवणातच असायचा. लहानपणी बापानं नेलेलं, तेव्हापासून.

शेठ गेला त्या वर्षी वहिनींना घेऊन जत्रेला निघताना त्यानं नवा पेंढा घातला. मी शेजारी उभा होतो, मुठी भरून मी त्याच्या हातात देत होतो. सगळा करकरीत वाळलेला होता, हाताला टोचत होता. जाताना मला म्हणाला, "खाणं घाल, दिवसा पेंढा हलव. दुसरं काय करू नको. तुझं डोकं चालवू नको, काय?"

दोन दिवसांनी कडाक्याचा वारा सुटला. शेठ थरथरत होता. आणि मी डोकं चालवलं. आपण मुंबईची माणसं, छप्पर गळलं की निळी ताडपत्री, भिंत ओली झाली की निळी ताडपत्री, दुसरा इलाज आपल्याला सुचतच नाही. पावसाळ्यात गाळ्यांच्या शेडवर घातलेली ताडपत्री घडी करून ठेवली होती. ती काढून मी खुराड्याच्या चारी बाजूंनी, छपरावरून, फटीवरून गच्च ओढली आणि सुतळीनं आवळली. वाऱ्याचा एक झोत आत जाईना. मी स्वतःवर इतका खूश होतो, की सदाला फोन करून सांगावंसं वाटलं. आल्यावरच चकित करू, म्हणून राहू दिलं.

सकाळी दारापुरती ताडपत्री वर केली की दोघं बाहेर यायचे, संध्याकाळी आत. बाकीची तशीच आवळलेली. पेंढा हलवायचा मी कंटाळा केला, कारण मागपर्यंत हात घालायला ती सगळी सोडावी लागली असती. मग एका सकाळी शेठ बाहेर आलाच नाही. ताडपत्री वर केली तर आतल्या बाजूनं पाण्याचे थेंब ओघळत होते, दोन मोठ्या कुत्र्यांच्या श्वासाचं पाणी. खालचा पेंढा काळा पडला होता, पिळला असता तर पाणी निघालं असतं. हवालदार तरणा होता, अंग झटकून निघून गेला. शेठ खोकत होता... माणसासारखा खोकत होता. मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. छातीत भरलंय, वयही झालंय, असं म्हणून त्यांनी इंजेक्शन दिलं. सदाला फोन केला. आणि मग मी ती ताडपत्री सोडली, पुसली, घडी केली आणि होती तिथं नेऊन ठेवली.

सदा जत्रेच्या आदल्या दिवशीच मुंबईच्या गाडीत बसला. दुसऱ्या दुपारी उन्हात पाय पसरून बसला, शेठचं डोकं मांडीवर घेऊन. शेठ गेल्यावर त्यानं खुराड्यातून पेंढ्याची मूठ काढली, नाकाशी नेली.

"मध्या, हा ओला कसा झाला रे?"

मी म्हणालो, "तूच घातलास ना? घाईत ओलाच घातला असशील."

त्यानं वाद घातला नाही. पत्त्यांत माझ्याशी तासभर भांडणारा माणूस, त्या एका वाक्यावर भांडला नाही. मूठ उघडून पेंढा खाली टाकला आणि म्हणाला, "असेल. गाडीची घाई होती."

त्यानंतर तो कधीच जत्रेला गेला नाही. विचारणाऱ्याला सांगायचा, "ओल्यात टाकून गेलो होतो मी त्याला. आता कुठं जात नाय." दर हिवाळ्यात हवालदारासाठी पेंढा वाळवायचा, पुन्हा वाळवायचा, माझ्या हातात देऊन विचारायचा, "बघ रे, सुकला का?" मी म्हणायचो, "सुकला." सांगितलं असतं तर त्यानं मला शिव्या घातल्या असत्या, कदाचित बाकड्यावर बसू दिलं नसतं. ते बाकडं गेलं असतं तर मला दुसरीकडे जायला जागा नव्हती. एवढ्याचसाठी मी त्याची देवी त्याच्यापासून तोडली.

बाराव्यानंतर आठवड्यानं मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"दर वर्षी जत्रेच्या दिवशी हे जेवत नसत," त्या म्हणाल्या. "म्हणत, माझ्या हातून पाप झाला. आणि तुमी हयच बसलेले असास. चाय पित." क्षमा मी मागितली, त्यांनी ऐकली, एवढंच. ताट बाजूला सारून उठल्या. "ह्या वर्षी मी जातंय जत्रेक. त्यांच्या वाटेचो नारळ ठेवून येतंय. हवालदाराक तुमी बघा." दारातून वळून म्हणाल्या, "आणि ताडपत्री घालू नकात."

काल त्या मालवणला गेल्या. त्यांना गाडीत बसवून परतताना गेटवरच्या चहाच्या टपरीशी थांबून मी त्या गाळेवाल्याला आणि उभ्या असलेल्या सगळ्यांना सांगितलं, पेंढा कोरडा होता, ओला मी केला. एकानं ग्लास ठेवला आणि निघून गेला.

संध्याकाळी मी पेंढा बघायला खुराड्याशी वाकलो. दाराच्या खालच्या फळीला एका जागी खोलगट, गुळगुळीत झीज आहे. सदा तिथं कोपर टेकून आत हात घालायचा, पार मागच्या कोपऱ्यापर्यंत. मी कोपर तिथं टेकलं. माझा हात त्या कोपऱ्यापर्यंत पोचेना. शेवटी गुडघ्यांवर बसलो, डोकं आत घातलं आणि रांगत मागपर्यंत गेलो. तळव्यानं चाचपलं, गाल लावून बघितलं. कोरडा होता. वरच्या फटीतून थोडा उजेड येत होता. बाहेर हवालदार, आता तोही म्हातारा, मी त्याची जागा कधी मोकळी करतो याची वाट बघत उभा होता.