पोपटाची उलटतपासणी
हरभऱ्याची डाळ भिजत घातली की त्या वासासरशी मला आखाडा बाळापूरच्या बाजारातला पोपट आठवतो. नवरा नांदेडच्या दवाखान्यात बेशुद्ध होता. मी जावेला घेऊन तिकडंच निघाले होते, एसटीला वेळ होता म्हणून मिरच्यांच्या ठसक्यात पोपटवाल्या ज्योतिष्यापुढं फतकल मारली. "माझा माणूस वाचेल का?" पोपटानं पिंजऱ्यातून येऊन चिठ्ठी ओढली आणि बक्षिसाची भिजली डाळ खाल्ली. ज्योतिषी म्हणाला, "वाचतो, माय." पण मी पडले अतिशहाणी! पोपटाचीच उलटतपासणी घेतली, "पुन्हा इचारा." दुसऱ्या चिठ्ठीत मरण निघालं. जावेनं दंड धरला, "ऊठ व, पहिलीच खरी धर. काहून उकरून राहिली?" मी हटून तिसरी मागितली. सकाळपासून डाळ खाऊन पोपटाचं पोट भरलेलं, तो पाठ फिरवून बसला. नवरा त्याच रात्री गेला. पहिल्या चिठ्ठीवर उठले असते तरी तो गेलाच असता, हे आता कळतं. पण नांदेडपर्यंतच्या वाटेवर माझ्यातल्या त्या बावळट बाईला जरा सुखानं बसता तरी आलं असतं.