नाव विचारणारी पीयुनताई

पीयुनताईचं बायकांचे केस धुण्याचं दुकान माझ्या नाश्त्याच्या दुकानाला लागूनच होतं. मधली भिंत इतकी पातळ, की मी तव्यावर अंड्याची पोळी उलटली तरी तिला ऐकू जायचं, आणि तिच्याकडे कुत्रं खोकलं की मला. खोकणारंच असायचं ते. धडधाकट कुत्रं तिनं कधी आणलंच नाही.

जिल्ह्याचा कुत्र्यांचा सरकारी कोंडवाडा आमच्या गावापासून स्कूटरवर अर्ध्या तासावर. आता तिथं मारत नाहीत, त्यामुळे कुत्री पिंजऱ्यातच म्हातारी होतात. हरवलेलं पूडल शोधणाऱ्या एका गिऱ्हाइकाबरोबर ताई पहिल्यांदा तिथं गेली. बाईचं पूडल काही मिळालं नाही, ही मात्र शेवटच्या रांगेतलं तीन पायांचं एक म्हातारं उचलून घेऊन आली. ते पाच महिने जगलं. मग दुसरं आणलं. सहा वर्षांत चौदा झाली. एका वेळी एकच. एक मेलं, की आठ-पंधरा दिवस दुकानात सामसूम, आणि मग परत स्कूटर बाहेर निघायची.

बायका टोमणे मारायच्या. लसणाच्या गोदामातली सुचू तर तोंडावर म्हणायची, "तुझ्याकडे डोकं धुतलं की दोन दिवस अंगाला कुत्र्याचा वास येतो."

"वास कुत्र्याचा नाही, तुझ्या डोक्याचा आहे," ताई म्हणायची. "दहा दिवसांनी उगवलीस. वाक खाली."

तिची एकच खोड मला कळायची नाही. कुत्र्याच्या मानेत चिप असते, तिच्यात आधीच्या मालकाचा नंबर. कोंडवाड्यात कामाला असलेला श्याव तो नंबर तिला सिगारेटच्या पाकिटामागे गुपचूप लिहून द्यायचा. द्यायला नको होता, पण ही पाठ सोडेल तर ना! मग ती फोन लावायची. भांडायला नाही. एकच विचारायची, "कुत्र्याला तुम्ही काय म्हणून हाक मारायचात?"

बहुतेक जण फोन ठेवून द्यायचे. एकानं आईवरून शिव्या घातल्या. एक बाई रडायला लागली आणि नाव न सांगताच तिनंही फोन ठेवला. चौदांतल्या चारांची नावं कळली असतील.

"कशाला गं लोकांची उणीदुणी काढतेस?" मी एकदा म्हटलं.

"उणीदुणी कसली, लिएन? बारा-तेरा वर्षं एका नावावर मान वळवलेलं जनावर ते. मरायच्या वेळी मी भलतंच काहीतरी म्हणू त्याला?"



गेल्याच्या गेल्या वर्षी, भुईमुगाची काढणी चालू असताना, तिनं एक मोठा कुत्रा आणला. वयानं राखेच्या रंगाचा झालेला, दोन्ही डोळ्यांत सायीसारखे मोतीबिंदू, मागचे पाय लटपटणारे. लसणाच्या गोदामामागे सापडून कोंडवाड्यात आला होता. फोन लावला तर एका बाईनं उचलला.

"आमच्या सासऱ्यांचा होता तो," ती म्हणाली. "नाव बिव मला नाही माहीत, आम्ही 'ए' म्हणायचो. सासरे आता वृद्धाश्रमात असतात. तिथं कुत्री चालत नाहीत. बरं, हे बघा, आम्हाला परत नकोय हं तो."

"नकोच आहे द्यायला. वृद्धाश्रम कुठला, तेवढं सांगा."

का कोण जाणे, त्या बाईनं सांगितलं.

रविवारी मी दुकान लवकर बंद केलं. ताई स्कूटर चालवत होती, मी मागे, आणि कुत्रा आम्हा दोघींच्या मध्ये चादरीत गुंडाळलेला. माझ्या हातांत त्याचं काळीज धडधडत होतं. वृद्धाश्रमाच्या माणसांनी आत सोडलं नाही, पण तिथं काम करणाऱ्या एका मुलीला दया आली. तिनं त्या सासऱ्यांना, को आजोबांना, चाकाच्या खुर्चीत बसवून फाटकाजवळच्या झाडाखाली आणलं. वाळकुडे, स्वच्छ दाढी केलेले, पायात कापडी सपाता. ताईनं कुत्रा त्यांच्या पायाशी ठेवला.

आजोबांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कुणाचा हा?"

"तुमचाच ना, आजोबा?" ताई म्हणाली.

"छे! माझा काळाकुट्ट आहे. म्हणून तर नाव कोळसा. शेतात रात्री दिसायचाही नाही, नुसते डोळे चमकायचे." ते हसले. "मुलगा सांभाळतो त्याला. रोज रताळं-भात घालतो. मी घरी गेलो ना, की बघा, फाटकावर येऊन कसा उड्या मारील."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिच्या ओठांवर आलेलं ती गिळून गेली, हे मला दिसलं.

"हाक मारून बघा ना एकदा," ती एवढंच म्हणाली.

"या परक्याला? माझ्या कुत्र्याच्या नावानं?" आजोबा रागावलेच. "आणि तुम्हीही काय बाई, एवढ्या म्हाताऱ्या जिवाला उन्हात घेऊन फिरता? घरी न्या त्याला. पाणी पाजा."

मला वाटलं होतं, निदान कुत्रा तरी वास घेईल. त्यानं सपातेवर नाक टेकवलं, एकदा शिंकला, आणि सावली शोधत खुर्चीच्या पलीकडे जाऊन पडला. त्या मुलीनं घड्याळ पाहिलं, खुर्ची वळवली. जाताना आजोबा तिला सांगत होते, "माझा याच्यापेक्षा उंच आहे."

घरी आल्यावर ताई कुत्र्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "कोळशा." मग मोठ्यानं म्हणाली. मग इतक्या मोठ्यानं, की रस्त्यावरच्या माणसानं थांबून बघितलं. कुत्र्याचा कानही हलला नाही. तो ठार बहिरा होता. किती दिवसांपासून, कोण जाणे.

तो अजून तीन आठवडे जगला. ती रोज त्याला हातानं रताळं-भात भरवायची. निम्मा ओघळायचा. गेला त्या दिवशी दुपारी तिनं दोन गिऱ्हाइकांचे केस धुतले, मग दारावरची पाटी 'बंद'च्या बाजूनं उलटी केली आणि माझ्याकडे येऊन बसली. मी सोयाचं दूध पुढे ठेवलं. तिनं त्याला हात लावला नाही.

"मी उगीच गेले गं तिकडे," ती म्हणाली. "कुणाचंच भलं झालं नाही."

त्यानंतर तिनं फोन लावणं सोडलं. श्याव नंबर द्यायचा, ती घ्यायची नाही. तरी अजून एक कुत्री आणली. बुटकी, पिवळसर, पोटाखाली लिंबाएवढी गाठ. तिला ती नुसतं "बाळ" म्हणायची.

पण चाळीस वर्षं बायकांची डोकी चोळून ताईचा उजवा खांदा गेला होता. शस्त्रक्रिया झाली, तरी हात खांद्याच्या वर जाईना. ताइचुंग शहरातून तिची मुलगी आली आणि म्हणाली, "आई, दुकान पुरे. माझ्याकडे चल." मुलीचं घर चौथ्या मजल्यावर, इमारतीत कुत्री ठेवू देत नाहीत. ताईनं महिनाभर सगळ्या गावाला विचारलं. सुचूला विचारलं. शेवटी मलाही विचारलं.

"दुकानात खायचे पदार्थ असतात, ताई," मी म्हणाले. "तपासणीवाले येतात." खरं होतं ते. पण वरच्या मजल्यावर माझी एक खोली रिकामी पडून होती, हेही खरं होतं. ताईला ती माहीत होती. तिनं पुन्हा विचारलं नाही.

कोंडवाड्यात तिच्याबरोबर मीच गेले. श्यावनं कागद पुढे केला. खाली मान घालून म्हणाला, "ताई, कारण लिहावं लागतं."

तिनं डाव्या हातानं लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही. बाळ पिंजऱ्यात गेली, दाराकडे तोंड करून बसली.

ताई ताइचुंगला गेल्यावर मी बाळला बघायला कोंडवाड्यात दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा जायचं आज-उद्या म्हणता राहिलं. मग श्यावचाच फोन आला, बाळ गेली म्हणून. मी ताईला फोन करून कळवलं. तिच्यामागे नातवाच्या टीव्हीचा आवाज येत होता.

"जवळ कोण होतं?"

"कुणी नाही, ताई. सुट्टीचा दिवस होता. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा कळलं."

"बरं," ती म्हणाली. "ठेवते. कुकर लावायचाय."