बोर्डावरची दुसरी ताई

मला स्वतःचं असं बोलणं नव्हतं. त्याचं फारसं वाईटही वाटत नसे, कारण उसनी माणसं भरपूर होती. भाजीवालीशी बोलायला मावशी, रिक्षावाल्याशी भांडायला टीव्हीवरच्या एका मालिकेतली वकीलबाई, आणि कोणाच्या घरी मयत झालं की त्याच मालिकेतली म्हातारी आत्या. वकीलबाई चिडली की चष्मा काढून बोलायची. मला चष्मा नव्हता, तरी कोपरखैरण्याच्या नाक्यावर मी नाकाजवळ हात नेऊन तो काढायचे. रिक्षावाला गोंधळायचा आणि मुकाट्याने मीटर टाकायचा.

ऑटिझम हा शब्द मला फार उशिरा, केस पांढरे व्हायला लागल्यावर भेटला. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. ज्याने कोणी हा शब्द काढला त्याला एकदा समोर बसवून सांगायचंय, की बाबा रे, मी तर जन्मभर दुसऱ्यांतच मग्न होते. पण नव्वदच्या दशकात आमच्या घरी असले शब्द कुठले? वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, आई साताऱ्याकडची. तिच्या लेखी मी जरा तिरपागडी होते, इतकंच.

तेव्हा माझ्यापुढे प्रश्न एकच होता, नोकरी टिकवायची कशी. दोन सुटल्या होत्या, आणि दोन्ही मी कोणाचाही आवाज न घेता बोलले म्हणून. पहिल्या ठिकाणी फोनवर कोणी विचारलं, "साहेब आहेत का?" मी म्हटलं, "आहेत," आणि फोन ठेवून दिला. विचारलं तेवढं सांगितलं होतं. दुसऱ्या ठिकाणी मालकीणबाईंनी नवी साडी कशी दिसते ते विचारलं. तेही सांगितलं. दोन्हीकडे मी उद्धट ठरले. "मानसं तोडू नगंस गं," आई म्हणायची. "आता तरी कुटं टिक." तिच्या आवाजातली काळजी मला कळायची, त्यामुळे जास्तच घाबरायला व्हायचं.

तिसरी नोकरी महाप्याला लागली, पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. तिथल्या टेलिफोन बोर्डावरच्या ताई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या, तेवढे महिने मी त्यांच्या जागी बसायचं. शेठ म्हणाले, "तक्रार आली नाही तर पुढे स्टोअरमध्ये कायम करू. आली तर टाटा."

ताई जवळच्याच बोनकोडे गावच्या, आगरी. जाण्याआधी आठवडाभर त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. त्यांचा आवाज असा, की तणतणत फोन करणारं गिऱ्हाईक ठेवताना थँक्यू म्हणे. ऑफिसात त्या डबा खातानाही त्याच आवाजात बोलत. मी सगळं घेतलं. लाईन जोडण्याआधीचा छोटा खोकला, 'एक मिनिट हं' मधला लांबवलेला हं, मध्येच आवरलेलं हसू. गंमत म्हणून नाही. माणसाचा कुठला भाग कामाचा आणि कुठला बिनकामाचा हे मला कधीच कळायचं नाही, म्हणून मी माणूस अख्खा उचलायचे. ताईंना तेव्हा नववा लागला होता. त्यामुळे खुर्चीतून उठताना कमरेवर हात ठेवून "आई गं" म्हणणंसुद्धा माझ्याकडे आलं. शेठ एकदा ते बघून दारातच थबकले, मग आत गेले. माझं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं.

ताई गेल्या आणि फोन करणाऱ्या कोणाच्याही लक्षात आलं नाही. विशेषतः नाशिकच्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या. हे काका रोज फोन करत आणि शेठकडे लाईन जोडायच्या आधी विचारत, "काय ताई, तब्येत कशी?" ताई त्यांना जे सांगत तेच मी सांगितलं, "पाय सुजतात हो." काका हळहळायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही, कारण प्रश्न ताईंना होता आणि उत्तर ताईंचं होतं. महिना उलटला तसे काका काळजीत पडले. शेवटी त्यांनी शेठनाच झापलं, की गरोदर बाईला किती राबवताय, घरी पाठवा तिला. शेठना कशाचा पत्ताच लागेना.

त्याच आठवड्यात एका दुपारी बोर्डावर दिवा लागला. मी खोकले. "नमस्कार, बोला."

पलीकडे एक मोकळाढाकळा गावचा आवाज होता. "शेठ हायेत का?"

"एक मिनिट हं. कोण बोलतंय म्हणून सांगू?"

पलीकडून हळूच, "कोन बोलतंय ते तूच सांग."

"मी बोर्डावरची ताई."

"अगो बाय, ताई तं मी. मी घरान हाय. मंग तिकरं कोन बसलंय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताईंचा घरचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. त्यांच्याच गळ्यातून मी त्यांनाच, तुम्ही कोण, असं विचारलं होतं. "शेठना दे," त्या म्हणाल्या. मी लाईन जोडली आणि त्या लाल दिव्याकडे बघत बसले. दिवा विझेना. तक्रारीला इतका वेळ लागतोच, असं म्हणून मी डबा पिशवीत भरला. आईला काय सांगायचं ते सुचत नव्हतं, आणि ते सांगायला कोणाचा आवाज घ्यायचा तेही.

शेठ बाहेर आले. "मुलगी झाली ताईंना. रविवारी बारसं आहे, तुला खास बोलावलंय." तक्रारीबद्दल एक शब्द नाही. मला वाटलं, चारचौघांत खडसावणार असतील.

रविवारी बोनकोड्याला गेले. घर बायकांनी भरलेलं, पाळणा म्हणून झालेला, हातात घुगऱ्यांच्या पुड्या. ताईंनी मला मध्ये बसवलं. "बोल गो, नमस्कार बोल." मी बोलले, खोकल्यासकट. बायका आधी माझ्याकडे, मग ताईंकडे बघायला लागल्या, आणि एकच हशा झाला. ताईंची सासू पदराने डोळे पुसत म्हणाली, "असी गोड सून आमच्या घरान कंदी आलीच नाय."

नंतर आतल्या खोलीत ताई म्हणाल्या, "तो आवाज मी खुर्चीवर बसताना घालते, घरा येताना काढते. तू कंदी काढतंस?"

मी विचार केला. "घरी मी मावशीच्या आवाजात बोलते."

"आनि एकटी असल्यावं?"

"एकटी असताना कोणाशी बोलायचं?"

ताई हसल्या नाहीत. त्यांनी बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. "हिच्याशी बोल. हिला तुझी मावशी ठाव नाय."

मी बसून राहिले. मावशी आली नाही, वकीलबाई आली नाही. मला रडू यायला लागलं, आणि ते मात्र माझंच होतं. बऱ्याच वेळाने मी म्हणाले, "हिचं डोकं गरम आहे." आवाज सपाट निघाला, जरा घोगरा. बाळाने जांभई दिली. मला उद्धट कोणी म्हणालं नाही.

"मी तक्रार नाय केली," ताई म्हणाल्या. "शेठना बोलले, पोर हुशार हाय, ठेवा तिला. पन त्या नाशिकच्या काकांनी शेठना झापलं म्हने, त्यांना खरं सांग. मी आजून किती दिस पोटुशी राहू?"

सोमवारी काकांचा फोन आला. ते रागावले, तर शेठकडे पहिली तक्रार त्यांचीच जाणार होती. मी खोकले नाही.

"ताई?"

"त्या नाहीत. त्यांना मुलगी झाली. मी त्यांच्या जागेवर आहे."

"कधीपासून?"

"त्या रजेवर गेल्यापासून."

"मग ते पाय कोणाचे सुजत होते?"

"त्यांचे. सांगत मी होते."

पलीकडून काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला. मला वाटलं संपलं. पण काका हसत होते, मध्ये दम लागेपर्यंत. मग म्हणाले, "हाही आवाज चालेल बाई. बरं, शेठ आहेत का?"

"आहेत," मी म्हणाले, आणि फोन ठेवला नाही.